हेड बदललं, तारा बदलल्या, तरी ड्रम लागेना

शेजारच्या मुलीने जुना स्नेअर ड्रम, म्हणजे खालच्या हेडला (पडद्याला) तारा लावलेला ड्रम, माझ्या टेबलावर आणून ठेवला, तेव्हा तिची तक्रार एका वाक्यात संपली. "काका, कितीही आवळला तरी हा सुरात लागतच नाही." मुलगी कॉलेजच्या बँडमध्ये वाजवते, कान पक्का आहे. हा ड्रम तिला तिच्या सरांनी दिलेला. सरांनी वाजवणं सोडून बरीच वर्षं झाली, आणि त्यांच्याकडे तो आला तेव्हाही जुनाच होता.

मी पेशाने वादक नाही. जुनी वाद्यं उघडून दुरुस्त करायचा छंद आहे, एवढंच. ड्रम पाहिल्यावर मला वाटलं, दोन रविवारांचं काम. प्रत्यक्षात सात आठवडे लागले. त्यातले पहिले तीन मी चुकीच्या दिशेने गेलो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

ड्रम आला त्या अवस्थेत

व्यास 14 इंच, उंची साडेपाच इंच, लाकडी शेल, म्हणजे ड्रमचं गोल खोड, आणि त्यावर आठ लग, म्हणजे आवळायचे स्क्रू ज्यात बसतात ते धातूचे तुकडे. शेलवर मोतिया पांढऱ्या रंगाचं प्लास्टिकचं आवरण, ज्याला ड्रमवाले रॅप म्हणतात. आता ते पार पिवळं पडलेलं. रिमखाली, म्हणजे हेड दाबून धरणाऱ्या धातूच्या गोल चौकटीखाली, झाकली गेलेली बोटभर पट्टी मात्र अजून पांढरीशुभ्र होती, त्यावरून मूळ रंगाचा अंदाज आला. दोन्ही रिम पोलादी, त्यावर गंजाचे ठिपके. आतला मफलर, म्हणजे हेडला खालून दाबणारी फेल्टची गादी, सैल होऊन खडखडत होता. कंपनीचा बॅज कुणीतरी काढून घेतलेला. त्याच्या जागी नुसतं हवेचं भोक.

वाजवून पाहिला. हवेच्या भोकाच्या बाजूला काडी मारली की कोरडं, चढं "टक". बरोबर समोरच्या बाजूला "ढप". ढप वाटणाऱ्या बाजूचा स्क्रू चावीने अर्धा फेरा फिरवला, आवाज जागचा हलला नाही. आणखी अर्धा फेरा, तरी नाही. मग अचानक कुर्रर्र असा आवाज आला आणि सूर एकदम टणकन वर उडी मारून गेला. हे कुरकुरणं मी ऐकलं, वहीत लिहूनसुद्धा ठेवलं, आणि पुढे कंसात लिहिलं: "आटे कोरडे." ते कंसातले दोन शब्द मला तीन आठवड्यांना पडले.

वहीत आणखी एक नोंद आहे: ढप बाजूला रिम शेलच्या कडेपासून जरा जास्त उंच दिसते. पट्टी लावून मोजलं, फरक 4 मि.मी. भरला. पुढे मी लिहिलं, "रिम वाकडी?" पण रिम काढून सपाट काचेवर ठेवली, तर कुठेही डुगडुगली नाही. मग मी ती नोंद विसरूनच गेलो.

खालच्या बाजूची गोष्ट सोपी होती. तिथे कुणीतरी वरचं जाड हेड बसवलं होतं. वर काड्यांचा मार खाणारं हेड साधारण 10 मिलचं, म्हणजे पाव मि.मी. जाड असतं, खाली तारांना चिकटून थरथरणारं जेमतेम 3 मिलचं. जाड हेड खाली लावलं तर तारा मिठी मारल्यासारख्या बसत नाहीत, हलक्या हाताला उत्तरच मिळत नाही. ही चूक जुन्या ड्रमवर वारंवार दिसते, कारण दोन्ही हेडं एकाच मापाची असतात आणि घाईत कुणालाही सारखीच वाटतात. आम्ही खाली योग्य पातळ हेड आणि 20 तारांचा नवा संच मागवला. वरचं हेडही नवं घेतलं. मुलगी म्हणाली, "वरचं तर सरांनी मागच्याच वर्षी बदललं होतं." मी म्हटलं, असू दे, एकदाच सगळं नवं करू.

तिच्या त्या वाक्यात अर्धं निदान होतं. हेड नवं असूनही ड्रम लागत नव्हता, तर दोष हेडचा कसा असेल?

ओळख पटवण्याचा थोडा खटाटोप

बॅज नाही म्हणजे अनुक्रमांक नाही. तसा अनुक्रमांक असता तरी फार काही हाती लागलं नसतं. लडविगसारख्या मोठ्या अमेरिकन ड्रम-कारखान्यातही साठच्या दशकातले बॅज क्रमाने लागलेले नाहीत, त्यामुळे नंबरावरून वर्ष सांगणं हा अंदाजच ठरतो. 9 फेब्रुवारी 1964 ला बीटल्स अमेरिकन दूरचित्रवाणीवर झळकले, त्यानंतर तिथल्या ड्रमला मागणी इतकी वाढली की डब्यातून हाताला येईल तो बॅज लागत गेला असेल तर नवल नाही.

मग उरतात आटे आणि लाकूड. टेन्शन रॉडचा, म्हणजे रिम आवळणाऱ्या लांब स्क्रूचा, व्यास साडेपाच मि.मी.ला जरासा कमी भरला, आणि एक इंच लांबीत मोजून 24 आटे. हे अमेरिकन ड्रमचं नेहमीचं माप. मेट्रिक आट्यांच्या ड्रमवर ते भरत नाही. शेल तीन थरांचा, आतून वर आणि खाली मजबुतीसाठी चिकटवलेली लाकडी कडी. लडविग आणि स्लिंगरलँड दोघेही साठच्या दशकात असे शेल करत. एवढ्यावर मी "बहुधा अमेरिकन, बहुधा साठचं दशक" असं लिहिलं आणि थांबलो. मुलीला नाव हवं होतं. मी म्हटलं, "अगं, नावाची पाटी कुणीतरी आधीच नेली आहे, आपण नवीन लावायला नको."

चकाकीचे तीन आठवडे

पहिल्यांदा मी सगळं सुटं केलं. प्रत्येक लगला नंबर, प्रत्येक स्क्रू वेगळ्या पाकिटात, शेलच्या आतून पेन्सिलीने त्याच क्रमाने नंबर. एवढं तरी बरं केलं.

लग सोडवताना एकाच्या मागे रॅपचा जोड दिसला. रॅपचा पत्रा शेलभोवती गुंडाळून दोन टोकं एकमेकांवर चढवतात, तो हा जोड. वरच्या कडेपासून चारेक सें.मी. तो सुटला होता आणि ओठ उघडावा तसा बाहेर आला होता. मी नखाने दाबून पाहिला, परत उचलला गेला. "हे शेवटी चिकटवू," म्हणालो आणि रिम घासायला घेतल्या.

रिम घासण्यात एक मजा असते, खोटं कशाला बोलू. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून गंजलेल्या क्रोमवर घासायचा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. तपकिरी-काळा चिखल निघतो आणि खालून आरसा. क्रोम जिथे पूर्ण फुटलेलं आहे तिथे खड्डे राहतात, ते कशाने जात नाहीत. तिथे जोर लावला तर उरलेलं क्रोमही सोलून निघतं.

हाच उपाय लगवर किंवा लग व्हिनेगरमध्ये बुडवून करू नका. रिम पोलादाच्या असतात, लग मात्र बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव, आणि आम्ल जस्त खाऊन टाकतं. मी लग फक्त साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुतले. प्रत्येक लगच्या पोटात एक स्प्रिंग असते, आतली चाकी जागेवर धरणारी. ड्रम वाजला की ती गुणगुणते. कुणीतरी पूर्वी तिथे फोम कोंबला होता, त्याचा आता काळा चिकट गूळ झाला होता. तो खरवडून काढला आणि स्प्रिंगभोवती पातळ फेल्टची पट्टी गुंडाळली. फेल्टचा असा गूळ होत नाही. मफलरची गादीही बदलली, स्क्रू कसला, खडखड गेली.

आणि मग मी ॲसिटोनची बाटली उघडली.

शेलवर जुन्या स्टिकरचा चिकट डाग होता. नेलपॉलिश काढायचं द्रावण कापसाला लावलं आणि एकदा पुसलं. डाग गेला. दुसऱ्यांदा पुसलं तेव्हा कापूस हाताला ओढल्यासारखा वाटला. उचलला तर खाली अंगठ्याएवढा भाग विझलेला, धुरकट, आणि त्यात कापसाचे तंतू रुतलेले. त्या काळातले मोतिया रॅप सेल्युलॉइड कुळातले, आणि ॲसिटोन सेल्युलॉइडला विरघळवतं. मी डाग पुसत नव्हतो, रॅप पुसत होतो. तो भाग तसाच दोन दिवस सुकू दिला, मग 2000 नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने आणि प्लास्टिकच्या पॉलिशने जमेल तेवढा उजळला. तिरकं पाहिलं की अजूनही दिसतो. उरलेले डाग थेंबभर खोबरेल तेल लावून, रात्रभर ठेवून, मऊ फडक्याने निघाले.

त्याच रसायनशास्त्राचा दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. जुन्या रॅपमधलं सेल्युलोज नायट्रेट, म्हणजे सेल्युलॉइडचा मुख्य घटक, फार चटकन पेट घेतं. त्यामुळे रॅप मऊ करायला हीट गन नाही, घासायचं तर ओलं घासायचं, आणि निघालेला चुरा सुकवून साठवायचा नाही. पिवळेपणाला मी हातच लावला नाही. तो वरचा थर नाही, पदार्थच रंग बदलून बसला आहे.

टेन्शन रॉड रॉकेलमध्ये धुतले, आट्यांना ग्रीसचा हात दिला, सगळं जोडलं. ड्रम दिसत होता झकास. चावी फिरवली: अर्धा फेरा, काही नाही, एक फेरा, काही नाही, मग कुर्रर्र.

जिथे अडत होतं

मी वैतागून चहाला उठलो. परत आलो तर मुलीने वरची रिम काढून ठेवली होती, नवं हेड नुसतंच शेलवर बसवलं होतं, आणि एका बोटाने ते थाळीसारखं फिरवत होती. फिरत नव्हतं. थोडं सरकायचं आणि थांबायचं.

"काका, हे इथेच का अडतंय?"

मी खाली वाकून पाहिलं. हेडच्या काठाला ॲल्युमिनियमचं कडं असतं, ते शेलच्या बाहेरून खाली उतरतं. रिम त्या कड्याला दाबते, आणि कडं खाली सरकल्यानेच हेड ताणलं जातं. म्हणजे कडं आणि शेल यांच्यात सगळीकडे थोडी फट हवी. मी साध्या कागदाची पट्टी घेतली, 0.1 मि.मी.ची, आणि फटीतून गोल फिरवू लागलो. पट्टी सुरळीत जात होती, जात होती, आणि जोडाजवळ येऊन थबकली. तोच उघडा ओठ. तोच लग. ढप आवाजाची तीच बाजू, जिथे रिम 4 मि.मी. उंच होती.

आता सगळं एका ओळीत आलं. जोडाजवळ कडं रॅपवर अडकून बसलेलं. तिथला स्क्रू कितीही पिळा, जोर कड्यावर येतो, पण कडं खाली जात नाही, म्हणून आवाज ढप. समोरची बाजू मोकळी, ती एकटीच जास्त ताणली जाते, म्हणून टक. शेवटी जोर फार झाला की कडं रॅपला खरवडत एकदम खाली घसरतं, तोच तो कुर्रर्र. आट्यांचा काही दोष नव्हता. रिमही वाकडी नव्हती. ती अडकलेल्या कड्यावर टेकून तिरकी बसत होती.

मापंही घेतली. कागदाची लांब पट्टी शेलभोवती ताणून गुंडाळली, परीघ आला 1113 मि.मी., म्हणजे व्यास 354.3. चौदा इंच म्हणजे 355.6. एकूण मोकळीक सव्वा मि.मी.च्या आसपास. हल्लीचे शेल नावाच्या मापापेक्षा साधारण 3 मि.मी. कमी ठेवतात. आणि सुटलेला जोड एकटाच दीड मि.मी. फुगलेला होता.

जुने शेल असे घट्ट का, याचं उत्तर हेडच्या इतिहासात आहे. 1956-57 च्या सुमारास चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी पॉलिएस्टर फिल्मची हेडं बाजारात आणली. त्याआधी वासराचं कातडं असायचं. ते ओलं करून कड्याभोवती मुडपायचे आणि त्या त्या ड्रमवरच सुकवायचे, त्यामुळे कातडं त्या शेलचा आकार घ्यायचं. मि.मी.भर इकडेतिकडे कुणाला जाणवत नसे. कारखान्यातून तयार कड्यासह येणारं प्लास्टिकचं हेड मात्र अशी तडजोड करत नाही. आपला ड्रम कातड्याच्या जमान्यानंतरचा असला, तरी शेलची मापं जुन्या सवयीची असावीत, आणि वर रॅपची जाडी. जोपर्यंत जोड चिकटलेला होता तोपर्यंत कसंबसं भागत होतं.

उपचार

जोडाखाली जुना गोंद बिस्किटाच्या चुऱ्यासारखा झाला होता. पातळ पात्याने तो काढला. रॅप वयाबरोबर आकसतो, त्यामुळे वरचं टोक पूर्वीइतकं पुढे पोचत नव्हतं. ओढून आणलं असतं तर फाटलं असतं. जिथे येतंय तिथेच चिकटवलं. गोंद निवडताना ॲसिटोनची आठवण ताजी होती, म्हणून द्रावकवाले गोंद बाजूला ठेवले आणि हळू घट्ट होणारं दोन भागांचं इपॉक्सी घेतलं. आधी रिमखाली लपणाऱ्या कोपऱ्यात थेंब लावून एक दिवस पाहिलं. मग जोडात भरलं, वर मेणकागद, त्यावर शेलच्या गोलाईला घासून घेतलेला लाकडाचा ठोकळा, आणि सामान बांधायच्या पट्ट्याने पूर्ण शेल आवळला. 24 तास.

ओठ मिटला, तरी दोन थर एकमेकांवर असल्याने अर्धा मि.मी. उंचवटा राहिलाच. तो रिमखाली झाकल्या जाणाऱ्या वरच्या 15 मि.मी.त उतरता करायचं ठरवलं. रुंदी जेमतेम 3 सें.मी. लाकडी कडेला पाणी लागू नये म्हणून टेप लावली, 220 आणि मग 400 चा पेपर ओला करून घासलं. दर दहा-बारा हातांनंतर हेड घालून फिरवून पाहत होतो. हे काम परत फिरवता येत नाही, हे मला माहीत होतं. बॅज शाबूत असलेला, संग्राहकांच्या नजरेतला ड्रम असता तर मी पेपर उचलला नसता. हा वाजवायचा ड्रम होता.

पाचव्यांदा हेड घातलं. मुलीने बोटाने टिचकी दिली आणि ते पूर्ण एक चक्कर फिरून थांबलं.

बेअरिंग एज, म्हणजे हेड टेकतं ती लाकडाची धार, मी जवळजवळ सोडून दिली. शेल काचेवर उपडा ठेवून आत टॉर्च लावला, खोली अंधारी केली. वरच्या धारेखालून तळहाताएवढ्या भागात उजेडाची बारीक रेघ दिसली, पण कागद आत शिरत नव्हता. तेवढ्यासाठी धार घासायची मला गरज वाटली नाही. खालच्या बाजूला तारांसाठी दोन ठिकाणी मुद्दाम दिलेला उथळ खोलगट भाग असतो. तिथे उजेड दिसणारच. सपाट करण्याच्या नादात तो घासून घालवलेले शेल मी पाहिले आहेत. दोन्ही धारांवर मेणबत्तीचं मेण घासलं, बोटाने चोळलं, झालं.

लावणं

खालचं पातळ हेड आधी लावलं, बऱ्यापैकी चढं. तारा मधोमध, दोन्ही टोकांना धारेपासून सारखं अंतर, त्या बांधायच्या दोऱ्या सारख्या लांबीच्या. एक दोरी अर्धा सें.मी. जास्त असली तरी तारा तिरक्या बसतात आणि एकाच बाजूने खरखरतात. ही गाठ मी तीनदा सोडून बांधली.

वरचे आठही स्क्रू आधी बोटांनी, मग समोरासमोरच्या जोड्यांनी अर्धा-अर्धा फेरा. प्रत्येक लगजवळ काठापासून बोटभर आत टिचकी मारून ऐकायचं. या वेळी प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला आवाज तेवढाच चढत होता. कुरकुर नाही. पट्टीने रिमची उंची मोजली, आठही ठिकाणी फरक मि.मी.च्या आत.

एक गोष्ट राहिली आहे. त्या जोडाजवळचा लग इतरांपेक्षा पाव फेरा जास्त मागतो, आणि तास-दीड तास वाजवल्यावर किंचित उतरतो. कदाचित उंचवटा अजून केसभर बाकी असेल, कदाचित ती उजेडाची रेघ. मी आणखी घासू का विचारलं. मुलगी नको म्हणाली. तिने रिमच्या आतल्या बाजूला, फक्त तिलाच दिसेल असा, त्या लगपाशी मार्करचा ठिपका दिला. आता कार्यक्रमाआधी ती चावी काढते, ठिपक्यापाशी पाव फेरा देते. ॲसिटोनचा डाग तिने आपल्या पोटाच्या बाजूला वळवून ठेवला आहे.